'एऽक' म्हणजे दुखणं की ओढ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ मी इंग्रजीचे वर्ग घेते. दहावीची मुलं येतात, नर्सिंगच्या मुली येतात, परदेशातल्या नातवंडांशी दोन वाक्यं बोलता यावीत म्हणून आजोबाही येतात. सगळ्यांचं घोडं अडतं अशा शब्दांची मी एक वही केली आहे. त्यात सर्वांत जास्त पानं खाल्ली ती ए, सी, एच, ई या चार अक्षरांच्या शब्दाने. वर्गात, व्हॉट्सॲपवर आणि भाजी घेताना पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हवा तो प्रश्न वाचा. दुसरीकडचा धागा लागत असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. हा शब्द वाचायचा कसा? 'एच', 'अचे' की 'एक'?

'केक'मधला पहिला 'क' काढून टाका, उरतो तो याचा उच्चार. पंचाईत अशी की देवनागरीत लिहिला की तो आकड्यातला एक दिसतो. एका मुलाने खरंच 'माय हेड एक्स' याचा अर्थ 'माझं डोकं एकच आहे' असा लिहिला होता. म्हणून मी मध्ये अवग्रह घालून 'एऽक' असं लिहिते. आपला एक आखूड असतो, इंग्रजीतला 'ए' थोडा लांबून 'इ'कडे झुकतो. जोडशब्दांत मात्र सगळे लिहितात तसंच मीही हेडेक, टूथेक असं लिहीन.

'एच' असं वाचणाऱ्यांना मी चूक म्हणत नाही. त्यांना फक्त चारशे वर्षं उशीर झाला आहे. कसा, ते प्रश्न ३ मध्ये.

२. अर्थ एका वाक्यात सांगा ना.

सतत, मंद, आतून दुखत राहणं. आणि तसंच सतत, आतून कुणाची किंवा कशाची ओढ लागून राहणं. नाम म्हणूनही चालतो, क्रियापद म्हणूनही. शरीराच्या बाजूसाठी प्रश्न ५ पासून वाचा, मनाच्या बाजूसाठी प्रश्न ११ पासून.

३. स्कूल, केमिस्ट, स्टमक यांत 'सीएच'चा 'क' होतो तसाच हा आहे का? म्हणजे हाही ग्रीक शब्द?

नाही. हा अस्सल इंग्रजी शब्द आहे, ग्रीक वेष घेतलेला.

अँग्लो-सॅक्सन काळातल्या इंग्रजीत क्रियापद होतं 'आकन' आणि नाम होतं 'ॲचे'. म्हणजे दुखणं ही क्रिया 'क'ची आणि दुखणं ही वस्तू 'च'ची. इंग्रजीत अशा जोड्या आजही सापडतात: स्पीक आणि स्पीच, ब्रेक आणि ब्रीच, बेक आणि बॅच. आपल्याला यात नवल वाटायला नको. पाक आणि पचन, वाक्य आणि वाचा, शोक आणि शोचनीय हे शब्द आपण रोज वापरतो. क आणि च यांचं हे जुनं शेजारपण आहे.

पुढे क्रियापद 'ए-के-ई' असं लिहीत आणि 'एऽक' म्हणत, नाम 'ए-सी-एच-ई' असं लिहीत आणि 'एच' म्हणत. शेक्सपिअरच्या एका नाटकात नायिका उसासा टाकते. मैत्रीण विचारते, हा उसासा कशासाठी, हॉक, हॉर्स की हजबंड? नायिका म्हणते, त्या तिन्हींच्या पहिल्या अक्षरासाठी. ते अक्षर एच, आणि दुखण्यालाही तेव्हा एचच म्हणत, म्हणून प्रेक्षक हसत. आज हा विनोद समजावून सांगावा लागतो आणि समजावला की मरतो.

मग दोन्ही रूपं एकमेकांत मिसळत गेली. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात हा शब्द ग्रीक 'आखोस', म्हणजे दुःख, यावरून आला असं मानलं. ते चूक होतं, पण कोशाचं वजन मोठं होतं. 'सीएच'वालं स्पेलिंग दोन्हींसाठी रूढ व्हायला त्याचा मोठा हातभार लागला. परिणाम असा की आज उच्चार क्रियापदाचा आणि स्पेलिंग नामाचं. तुमच्या मुलाला हे स्पेलिंग विचित्र वाटत असेल तर त्याचं बरोबर आहे.

४. भूतकाळ काय? 'एकेड' म्हणायचं का?

'एऽक्ट' म्हणायचं, एकाच झटक्यात. लिहिताना शेवटी फक्त डी लागतो. 'आयएनजी' लावताना शेवटचा ई गळतो. जुन्या इंग्रजीत याचा भूतकाळ शेक-शुक या वळणाचा होता. तो टिकला असता तर आज पाठांतराला आणखी एक रूप असतं. सुटलो.

५. एऽक, पेन, हर्ट, सोअर: सगळ्यांचा अर्थ दुखणंच ना?

मराठीत 'दुखणं' हे एकच क्रियापद सगळीकडे धावून येतं, म्हणून हा घोळ होतो.

माझे वडील मुंबईला मशीद बंदरात माथाडी कामगार होते. जावळी-पाटणकडच्या कितीतरी घरांतले पुरुष तेव्हा तेच करत. गावच्या यात्रेला आले की दुपारी सोप्यात पालथे पडायचे आणि मला म्हणायचे, "पाठीवर हुबी ऱ्हा." मी भिंतीला धरून टाचांनी पाठ तुडवायची. कुठं दुखतंय विचारलं तर त्यांना बोट ठेवता यायचं नाही. "समदंच," म्हणायचे. वर्षभर वाहिलेली पोती त्या एका शब्दात होती. ते होतं एऽक.

त्यावरून मी वर्गात एक खूण सांगते: बोट ठेवता येतं ते बहुधा पेन, तळहात फिरवावा लागतो ते बहुधा एऽक. अपवाद दाताचा. त्यावर बोट ठेवता येतं, तरी तो टूथेकच.

पेन हा सगळ्यांचा बाप, कुठलंही दुखणं त्यात बसतं, पण तो नाम म्हणून वापरावा (प्रश्न ७ पाहा). हर्ट हे रोजच्या बोलण्यातलं क्रियापद: लागलं, दुखतंय, शिवाय मन दुखावलं तरी तेच. सोअर म्हणजे हात लावला की, हलवलं की दुखणारं. अजिंक्यताऱ्यावर पहिल्यांदा चढून आलात तर त्या रात्री पोटऱ्या 'एऽक' करतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्या 'सोअर' असतात.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये रुग्णांसाठी वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. वेदनेचे ७८ शब्द त्यांनी २० गटांत बसवले. त्यात 'एऽकिंग' हा शब्द डल, सोअर, हर्टिंग आणि हेवी यांच्या पंगतीत आहे. ठणकणारं, टोचणारं, भाजणारं दुखणं वेगवेगळ्या गटांत जातं.

६. मी नर्सिंग करते. पेशंट म्हणतात ठणकतंय, चमक निघतेय, कसकस आहे. याला इंग्रजीत काय लिहू?

हा प्रश्न सर्वांत उपयोगाचा आहे आणि परदेशात जाणाऱ्या मुली तो नेमाने विचारतात. आपली भाषा वेदनेच्या बाबतीत श्रीमंत आहे. त्या श्रीमंतीचं 'पेन' एवढ्या एका शब्दात दिवाळं काढू नका.

ठणकणं म्हणजे थ्रॉबिंग. पिकलेलं बोट, सुजलेली हिरडी, नाडीच्या ठोक्यागणिक जाणवणारं. कळ येणं म्हणजे शूटिंग किंवा स्टॅबिंग. पण बाळंतपणाच्या कळा म्हणजे लेबर पेन्स, त्यांना एऽक म्हणाल तर ती बाई तुम्हाला कधी माफ करणार नाही. मुरडा आला किंवा पायात गोळा आला तर क्रॅम्प. जखमेवर चुरचुरलं, झोंबलं तर स्टिंगिंग. आग होत असेल तर बर्निंग. पायाला मुंग्या आल्या तर पिन्स अँड नीडल्स. उसण भरली तर ओढून-ताणून एक शब्द शोधण्यापेक्षा साधं लिहा, की वजन उचलताना कमरेत अचानक कळ आली आणि आता वाकता येत नाही.

आणि एऽक कुठे? अंग आंबलंय, अंग मोडून आलंय, पाय भरून आलेत, तापाची कसकस आहे, इथे एऽक चपखल बसतो. सर्वांग दुखत असेल तर 'आय एऽक ऑल ओव्हर'. कसकशीसाठी 'एऽकी' असं विशेषणही आहे: 'आय फील एऽकी'.

एक सूचना. पेशंट आजी "आतल्या आत दुखतंय" म्हणाली की लगेच एऽक लिहून मोकळं होऊ नका. विचारा: थांबून थांबून की सारखं? दाबलं की वाढतं का? शब्द त्यानंतर.

७. 'माय लेग इज पेनिंग' असं सगळेच म्हणतात. मग चूक कसं?

भारतात सगळे म्हणतात आणि भारतात सगळ्यांना कळतं, म्हणून साताऱ्यातल्या डॉक्टरांपुढे बिनधास्त म्हणा. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन कानाला ते खटकतं. त्यांच्याकडे पेन हे क्रियापद मनाला क्लेश होण्यासाठी उरलं आहे: 'इट पेन्स मी टू से धिस', म्हणजे सांगताना जीवावर येतंय. पायासाठी 'माय लेग हर्ट्स', 'माय लेग इज एऽकिंग' किंवा 'आय हॅव अ पेन इन माय लेग'.

याचं मूळ आपल्या 'दुखतंय'मध्ये आहे. मराठीत दुखणं हे अवयवाचं काम, पाय दुखतो. इंग्रजीत बऱ्याचदा ती माणसाची मालमत्ता असते. 'आय हॅव अ हेडेक', जशी छत्री असावी तशी डोकेदुखी जवळ असते.

८. हेडेकच्या आधी 'अ' लावायचा का?

हेडेकला नेहमी: 'आय हॅव अ हेडेक'. बाकीच्यांत विलायत आणि अमेरिका यांचं पटत नाही. ब्रिटिश लोक टूथेक, बॅकेक, स्टमकेक यांच्याआधी 'अ' पुष्कळदा गाळतात, अमेरिकन लावतात. परीक्षेत लावा, कुणी मार्क कापणार नाही. वयोमानाने काही ना काही दुखतंच असं सांगायचं असेल तर 'एऽक्स अँड पेन्स', दोन्ही अनेकवचनात. आमच्या वर्गातल्या आजोबांचं हे सगळ्यात लाडकं वाक्य आहे.

९. मग 'नी-एक', 'लेग-एक', 'आय-एक' असे शब्द का नाहीत?

कारण भाषेला वाटलं नाही. याला नियम शोधू नका. प्रचारात आहेत ते थोडेच: डोकं, दात, कान, पोट, पाठ आणि हृदय. बेली म्हणजेही पोटच, पण 'बेलीएक'ची भानगड प्रश्न १५ मध्ये आहे. गुडघा, डोळा, खांदा, मान यांच्यासाठी 'पेन इन माय नी' असं सांगायचं. घसा दुखत असेल तर 'सोअर थ्रोट', कधीही 'थ्रोट-एक' नाही. मात्र क्रियापद म्हणून एऽक कुठल्याही अवयवाला चालतं: 'माय नीज एऽक' एकदम बरोबर.

१०. 'हार्टेक' म्हणजे छातीत दुखणं ना?

अजिबात नाही, आणि ही चूक मी स्वतः केली आहे, तेव्हा सविस्तर सांगते.

पुष्कळ वर्षांपूर्वी शेजारच्या आजींच्या छातीत दुखायला लागलं. मुलगा परदेशात. आजी म्हणाल्या, "त्याला कळव." मी नवीनच शिकवायला लागले होते, अंगात इंग्रजी उसळत होतं. ईमेलमध्ये ऐटीत लिहिलं, युवर मदर हॅज हार्टेक. दुसऱ्या दिवशी मुलाचं लांबलचक उत्तर आलं. आई, मलाही तुझी फार आठवण येते, रजा मिळाली की दिवाळीला येतो, वगैरे. डॉक्टरांचा उल्लेख कुठेच नाही. मी दोनदा वाचलं, मग कोश काढला आणि कान धरले. हार्टेक म्हणजे मनाची वेदना: विरह, ताटातूट, पोरांची काळजी. शरीराच्या छातीसाठी 'चेस्ट पेन' हाच शब्द, आणि तो लिहिला की कुणी दिवाळीची वाट बघत नाही.

तोवर आजी दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. निघालं पित्त. म्हणजे छातीतली जळजळ, जिला इंग्रजीत 'हार्टबर्न' म्हणतात आणि जिचा हृदयाशी काही संबंध नसतो. मी आजींना झालेला घोटाळा सांगितला. त्या म्हणाल्या, "न्हाई गं, तू लिवलंस ते बी खोटं न्हाई."

दिवाळीला मुलगा आला, ही त्या चुकीची जमेची बाजू.

११. दुखण्याच्या शब्दाला ओढीचा अर्थ कसा लागतो?

दोन्हींत समान आहे ते 'सतत' आणि 'आतून'. कापलं, भाजलं तर ओरडता येतं. पाठ दुखत असेल तर माणूस काम करत राहतो आणि ती दुखत राहते. आठवणीचं तसंच. खानापूर-विट्याकडची गलाईवाली घरं देशभर पांगलेली आहेत, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. दुकान चालू असतं, गिऱ्हाईक येत असतं आणि आतमध्ये गाव दुखत असतं. त्याला 'ही एऽक्स फॉर होम' म्हणतात.

वापरण्याच्या दोन तऱ्हा. पुढे वस्तू, माणूस किंवा जागा असेल तर 'फॉर': एऽक फॉर होम, एऽक फॉर अ चाइल्ड. पुढे क्रिया असेल तर 'टू': 'शी एऽक्ट टू सी हर मदर', आईला बघायला तिचा जीव आसुसला होता. बोलण्यात दुसरी तऱ्हा हलक्याफुलक्या अर्थानेही येते. पोटात गुपित मावत नसेल, कुणाला तरी सांगायचंच असेल तर 'आय वॉज एऽकिंग टू टेल यू'.

मराठीशी एक फरक आहे आणि भाषांतर करणाऱ्यांनी तो नक्की लक्षात ठेवावा. आपल्याकडे ओढ माणसाला 'लागते', आठवण 'येते', हुरहुर 'वाटते'. आपण नुसते बसलेले असतो आणि ती येऊन चिकटते. इंग्रजीत 'आय एऽक', मीच ते करतो. म्हणून 'मी दुखतो तुझ्यासाठी' असं शब्दाला शब्द भाषांतर केलं की मराठी माणूस हसतो. कर्ता बदलावा लागतो: 'मला तुझी ओढ लागली आहे'.

१२. 'माय हार्ट एऽक्स फॉर देम' यात 'फॉर' आहे, म्हणजे त्यांची ओढ लागली असाच अर्थ ना?

इथेच पुष्कळजण फसतात. ज्यांच्यावर संकट आलंय त्यांच्याबद्दल हे वाक्य असेल तर अर्थ ओढ नव्हे, कळवळा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचा महापूर आला, माणसं पत्र्यांवर आणि गच्च्यांवर बसून राहिली. टीव्हीवर ते बघताना इथे साताऱ्यात आम्हाला जे होत होतं ते 'अवर हार्ट्स एऽक्ट फॉर देम'. 'आम्हाला त्यांची ओढ लागली' असं भाषांतर केलं तर अनर्थ.

मराठी शब्दाची गंमत बघा. मूल भुकेनं कळवळतं ते शरीर, दुसऱ्यासाठी जीव कळवळतो ते मन. या अर्थापुरती आपली भाषाही इंग्रजीसारखीच वागते. ओळखायची रीत सोपी आहे: ज्याच्यासाठी दुखतंय तो दूर गेलेला आहे की अडचणीत आहे? दूर असेल तर ओढ, अडचणीत असेल तर कळवळा. लेक दूरही आहे आणि अडचणीतही, असं असेल तर दोन्ही, मग मराठीत 'जीव तुटतो' म्हणा.

१३. मिस, लाँग, यर्न, पाइन यांच्यापेक्षा हा वेगळा कसा?

'मिस' सगळ्यात साधा, करमत नाही एवढंच. 'लाँग फॉर' म्हणजे मनापासून वाट बघणं. 'यर्न' पुस्तकी आहे, आस लागणं. 'पाइन' म्हणजे झुरणं, खाणंपिणं सुटण्यापर्यंत. 'एऽक'मध्ये ही ओढ अंगात जाणवते. पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाने घरच्यांना रोज 'आय एऽक फॉर यू' पाठवू नये, 'मिस यू' पुरे. कंदी पेढ्यांसाठी तर मुळीच नको, त्यासाठी 'क्रेव्ह' आहे.

१४. मराठीत दोन्ही अर्थ एकाच शब्दात येतील असा शब्द आहे का?

जवळात जवळचा म्हणजे तळमळ. माणूस वेदनेनेही तळमळतो आणि भेटीसाठीही. पण तळमळीत हालचाल आहे, कूस बदलणं आहे, बघणाऱ्याला ती दिसते. एऽक बाहेरून दिसेलच असं नाही. 'सल' हाही सुंदर शब्द, काटा सलतो आणि बोलणंही सलतं. मात्र त्यात जुन्या घावाची खंत आहे, पुढच्या भेटीची आस नाही. 'हुरहुर' फक्त मनाची. 'ठणका' बहुतेक शरीराचाच.

म्हणून मी भाषांतरात एकच शब्द धरून बसत नाही. दोन्ही अर्थ एकाच माणसात एका वेळी बघायचे असतील तर आषाढीच्या आधी लोणंद-तरडगाव-फलटणच्या रस्त्याला उभे राहा. माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. मुक्कामाला एखादी वारकरी बाई पाय पसरून बसते, पावलांना तेल चोळून घेते, टाचांच्या भेगांत माती भरलेली असते. पाय दुखतात का विचारलं की म्हणते, दुखत्यात की. मग थांबा की दोन दिवस, म्हटलं की बघतच राहते तुमच्याकडे. तिचे पाय एऽक करतात आणि ती पंढरीसाठी एऽक करते. इंग्रजीला हे दोन्ही एका शब्दात सांगता येतं, याचा मला थोडा हेवा वाटतो.

१५. डोकेदुखी, पोटदुखी हे शब्द आपण वेगळ्या अर्थानेही वापरतो. तसे इंग्रजीत चालतात का?

डोकेदुखी चालते. कटकटीचं काम, त्रासदायक माणूस, राजवाड्याजवळचं पार्किंग, सगळं 'अ हेडेक'.

पोटदुखी चालत नाही. दुसऱ्याचं चांगलं झालं की आपल्याकडे पोटात दुखतं, इंग्रजांच्या पोटात फक्त अपचनाने दुखतं. 'व्हाय डझ युवर स्टमक एऽक?' असं भांडणात विचारलंत तर समोरचा ओव्याची गोळी शोधेल. मत्सरासाठी 'जेलस' किंवा 'एन्व्हियस' म्हणा. 'बेलीएक' मात्र क्रियापद म्हणूनही चालतं आणि त्याचा अर्थ कुरकुर करणं, सारखी रडगाणी गाणं. मत्सर नव्हे.

आणखी एक. हसून हसून आपलं पोट दुखतं, इंग्रजीत बरगड्यांच्या बाजू दुखतात: 'माय साइड्स एऽक्ट'.

१६. 'माय बॅक एऽक्स' की 'इज एऽकिंग'?

आत्ता दुखत असेल तर दोन्ही चालतात, शरीराच्या जाणिवांच्या बाबतीत इंग्रजी इथे उदार आहे. नेहमीचं दुखणं सांगायचं असेल तर पहिलं: 'माय बॅक एऽक्स इन द मॉर्निंग'.

१७. 'एऽकिंगली ब्यूटिफुल' म्हणजे सुंदर आहे की दुखतंय?

सुंदर आहे, इतकं की आत कुठेतरी कालवतं. कासच्या पठारावर फुलं बघून 'ब्यूटिफुल' म्हणावं. तीच फुलं दहा दिवसांत जाणार हे ठाऊक असताना बघितली तर 'एऽकिंगली' लावायला हरकत नाही. जपून वापरा. जाहिरातवाल्यांनी तो शब्द पार गुळगुळीत केलाय.

१८. मिशीच्या इंग्रजी शब्दाच्या शेवटीही हीच चार अक्षरं आहेत. मग 'मस्टेक' म्हणायचं?

नाही, 'मुस्टाश'. तो फ्रेंच मार्गाने आलेला आहे, दुखण्याशी नातं नाही. संगणकवाले म्हणतात तो 'कॅश', साठवणीचा, तोही फ्रेंचच. एका विद्यार्थ्याने माझ्यासमोर 'माय फादर हॅज अ बिग मस्टेक' असं वाचलं होतं. वडील शेजारीच बसले होते आणि त्यांना 'मिस्टेक' ऐकू आलं.

१९. कवितेत नुसतं 'आय एऽक' असं आलंय, पुढे ना 'फॉर' ना 'टू'. काय भाषांतर करू?

मागची ओळ आणि पुढची ओळ पाठवा, तोवर मी उत्तर देत नाही. हे वाक्य अजिंक्यतारा उतरून आलेल्या माणसाचं असेल तर 'अंग आंबलंय'. तापातलं असेल तर 'कसकस आहे'. लेकीला रात्रीच्या एसटीत बसवून स्टँडवरून एकट्याच घरी परतलेल्या बाईचं असेल, तर ती साताऱ्यात 'करमंना' म्हणेल, आणि मी तेच लिहीन.